सक्रिय जीवनशैलीचा कार्यक्रम आखताना: देशाचा हिशेब वेगळा, माणसाचं कारण वेगळं

तुम्ही मांडलेली परिस्थिती आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. तुमच्या विभागाकडे तीन वर्षांचा ‘सक्रिय व निरोगी जीवनशैली’ कार्यक्रम आखायचं काम आलं आहे. वरून आलेल्या पत्रात ‘राष्ट्रविकासासाठी’ हा शब्द ठळक केलेला आहे. गेल्या वर्षी मोठी दौड झाली, मैदान भरलं, फोटो छापून आले, आणि महिन्याभरात सगळं पहिल्यासारखं झालं. यंदाही निधी साधारण तेवढाच आहे. तुमचा प्रश्न असा की, ‘निरोगी राहा, देश घडवा’ हा संदेश लोकांच्या मनावर ठसेल असा कसा पोहोचवायचा, आणि लोक एवढे उदासीन का?

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. त्यातही माझा बराचसा काळ लोकांची शारीरिक हालचाल वाढवणारे कार्यक्रम आखण्यात आणि ते खरोखर चालतात का हे तपासण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. देशाला यातून काय मिळतं, हा एक. माणूस कशामुळे हालचाल करू लागतो, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर निधी मंजूर करणाऱ्यांना द्यावं लागतं. दुसऱ्याचं उत्तर रस्त्यावर, शाळेत आणि कामाच्या ठिकाणी जाऊन शोधावं लागतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर फलकावर छापून लोकांसमोर धरलं की गेल्या वर्षीसारखं होतं. देशाचं उत्पादन वाढावं म्हणून सकाळी अर्धा तास लवकर उठलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. लोक उठतात ते गुडघा दुखायचा कमी झाला म्हणून, मैत्रीण खाली वाट बघत असते म्हणून, किंवा चालत गेलं तर वेळेत पोहोचता येतं म्हणून.

तरीही देशाच्या हिशेबाला मी कमी लेखत नाही. तुमच्या प्रस्तावाचं पहिलं पान त्यावरच उभं राहणार आहे, म्हणून आधी तो घेऊ. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने २०१३ या एका वर्षात शारीरिक निष्क्रियतेची जगाला पडलेली किंमत ६७.५ अब्ज आंतरराष्ट्रीय डॉलर (देशोदेशींच्या किमतींतला फरक जुळवून घेतलेला हिशेबाचा डॉलर) काढली होती. त्यातले ५३.८ अब्ज थेट उपचारांवर गेले होते आणि उरलेले अकाली मृत्यूंमुळे बुडालेल्या उत्पादनाचे होते. हा अंदाज हात राखून केलेला आहे. आजारपणाच्या रजा, कामावर येऊनही निम्म्या ताकदीने केलेलं काम, आजाऱ्याची काळजी घेण्यासाठी घरातल्या दुसऱ्या कुणी सोडलेली नोकरी, हे त्यात धरलेलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिलेला इशाराही प्रस्तावात घालण्याजोगा आहे. सरकारांनी पावलं उचलली नाहीत, तर २०२० ते २०३० या काळात निष्क्रियतेमुळे जवळपास ५० कोटी लोकांना हृदयविकार, मधुमेह, लठ्ठपणा यांसारखे आजार नव्याने जडतील आणि त्याचा खर्च वर्षाला सुमारे २७ अब्ज डॉलर असेल, असं त्या अहवालात म्हटलं आहे.

मोठे आकडे ऐकून अर्थखात्यातली माणसं मान डोलावतात आणि पुढच्या फाइलकडे वळतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्यांना थांबवणारा मुद्दा वयाचा असतो. असंसर्गजन्य, म्हणजे हृदयविकार-मधुमेहासारखे एकाकडून दुसऱ्याला न लागणारे आजार म्हातारपणीचे, असा समज अजून पक्का आहे. प्रत्यक्षात पन्नाशीच्या आत-बाहेर पक्षाघात झालेला कमावता माणूस घरातून एक उत्पन्न काढून घेतो, त्याच्या देखभालीसाठी दुसरं उत्पन्न थांबतं आणि उपचारांसाठी मुलांच्या शिक्षणाचे पैसे वळवले जातात. शिकवून, प्रशिक्षण देऊन, अनुभवी करून तयार झालेला कामगार ऐन उपयोगाच्या काळात हातचा जातो. देशाने त्या माणसावर केलेली सगळी गुंतवणूक अर्ध्यावर संपते. विकासाचा संबंध मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो, आणि हे तुमच्या भागातल्या रुग्णालयाच्या नोंदींवरून दाखवता येतं. हृदयविकार आणि पक्षाघाताने दाखल झालेल्यांपैकी साठीच्या आतले किती, एवढा एकच तक्ता काढा. जागतिक अब्जांपेक्षा तो जास्त काम करेल.

फिनलंडचं उदाहरण याच कारणासाठी सांगावंसं वाटतं. १९६०च्या दशकाअखेर तिथल्या पूर्वेकडच्या नॉर्थ कॅरेलिया प्रांतात ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने इतक्या मोठ्या संख्येने मरत होते, की १९७१ साली लोकांनीच सरकारकडे मदत मागितली. १९७२ साली तिथे प्रकल्प सुरू झाला, पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली. प्रकल्पाचा भर हालचालीपेक्षा तंबाखू, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांच्यावर होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण कामाची पद्धत आपल्या उपयोगाची आहे. त्यांनी गृहिणींच्या संघटनेला बरोबर घेऊन रोजचा स्वयंपाक बदलला, खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांशी बसून चरबी आणि मीठ कमी करवलं, दुग्धव्यवसायावर पोट असलेल्या शेतकऱ्यांना बेरी फळांच्या लागवडीकडे वळायला मदत केली. काही दशकांत त्या प्रांतातल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. त्या माणसांचा स्वभाव बदलला नव्हता. त्यांच्या ताटात, दुकानात आणि शेतात काय उपलब्ध आहे ते बदललं होतं.

आता दुसरा, अवघड प्रश्न. जगातले साधारण ३१ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे १८० कोटी लोक, पुरेशी हालचाल करत नाहीत. हा २०२२चा अंदाज आहे आणि २००० साली हेच प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास होतं. पुरेशी म्हणजे आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, ज्यात बोलता येतं पण गाता येत नाही एवढी धाप लागते, किंवा तिच्या निम्मा वेळ जोरकस श्रम. वीस-बावीस वर्षांत एवढी वाढ झाली, तर अब्जावधी माणसं एकाच वेळी आळशी झाली असं समजायचं का? मला तरी ते पटत नाही. दरम्यानच्या काळात काम खुर्चीत आलं, करमणूक हातातल्या पडद्यावर आली, घर आणि काम यांच्यातलं अंतर वाढलं आणि रस्ते वाहनांसाठी रुंद होत गेले. पूर्वी हालचाल दिवसातच मुरलेली होती. आता ती वेगळा वेळ काढून करायची गोष्ट झाली आहे, आणि वेगळा वेळ फार थोड्यांकडे असतो.

या विषयातला पहिला मोठा पुरावाही हेच सांगतो. जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने १९५३ साली लंडनच्या दुमजली बसमधले चालक आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्यांपेक्षा दिवसभर जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता आणि झालाच तर त्यातून वाचण्याची शक्यता जास्त होती. पुढे मॉरिसनीच गणवेशांच्या मापांवरून दाखवलं, की नोकरीला लागतानाच चालकांची कंबर जास्त होती, म्हणजे सगळा फरक जिन्याच्या खात्यावर टाकता येत नाही. तरी मूळ निष्कर्ष नंतरच्या शेकडो अभ्यासांत टिकला. त्या कंडक्टरांना व्यायामाचं महत्त्व कुणी पटवून दिलेलं नव्हतं. त्यांच्या कामाच्या जागी जिना होता आणि तो चढणं भागच होतं.

म्हणून मी ‘लोक उदासीन आहेत’ हे वाक्य आमच्या बैठकांमध्ये कुणी उच्चारलं की विचारते, कोणते लोक? गेल्या वर्षीच्या दौडीला आलेल्यांची यादी तुमच्याकडे असेल तर ती पुन्हा बघा. बहुतेक तरुण, बहुतेक पुरुष आणि बहुतेक आधीपासून धावणारे निघतील. त्यांनी दौड केली हे चांगलंच झालं, पण देशाच्या हिशेबात त्यांच्यामुळे फारसा फरक पडत नाही. हालचाल आणि आरोग्य यांचा संबंध सरळ रेषेचा नाही. अगदी काहीच न करणारा माणूस थोडंसं करू लागतो तेव्हा सगळ्यात मोठा फायदा होतो, पुढे प्रत्येक वाढीव मिनिटाचा फायदा कमी कमी होत जातो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात असं दिसलं, की सगळ्यांनी आठवड्याला निदान ७५ मिनिटं, म्हणजे रोज साधारण ११ मिनिटं, भरभर चालण्याइतकी हालचाल केली तर दहातला एक अकाली मृत्यू टळू शकला असता. ११ मिनिटांत कुणी पदक मिळवणार नाही. पण शून्यावर असलेल्या हजार माणसांना ११ मिनिटांवर आणणं हे शंभर धावपटूंना आणखी वेगवान करण्यापेक्षा देशाच्या कितीतरी जास्त उपयोगाचं आहे.

मोठ्या क्रीडास्पर्धांबद्दलही याच ओघात लिहिते, कारण तुमचे वरिष्ठ तो पर्याय सुचवतील. ऑलिंपिक भरवलं की देश खेळायला लागतो, हे यजमान शहरं दर वेळी सांगतात. नंतर केलेल्या पाहण्यांमध्ये सर्वसामान्य लोकांच्या हालचालीत टिकाऊ वाढ झालेली आढळत नाही. स्पर्धा स्पर्धेसाठी जरूर भरवाव्यात. या कार्यक्रमाचा निधी मात्र त्यात घालू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

इथून पुढे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, आणि तुमच्या प्रश्नात ती माहिती नाही. तुमचा भाग दाट वस्तीचं शहर आहे की विखुरलेली खेडी? वर्षातले किती महिने बाहेर चालणं सुसह्य असतं? मोठ्या संख्येने लोक अंगमेहनतीची कामं करतात का? करत असतील तर त्यांना ‘आणखी चाला’ सांगणं अन्यायाचं आहे. दिवसभर ओझी वाहणं, वाकणं, विश्रांतीशिवाय उभं राहणं याचा शरीराला मोकळ्या वेळातल्या व्यायामासारखा फायदा होतोच असं नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यांच्यासाठी कार्यक्रमाचा अर्थ विश्रांती, कामातला योग्य खंड, पाठीची काळजी आणि मनासारखं खेळायला मिळणारा एखादा तास असा होईल. याउलट तुमच्याकडे कार्यालयीन नोकरदार जास्त असतील, तर दिवसाला आठ तास बसणं हाच मुख्य प्रश्न आहे. दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१६च्या एका विश्लेषणात असं दिसलं, की एवढ्या बैठकीमुळे वाढणारा मृत्यूचा धोका पूर्ण भरून काढायला रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल लागते. हे फार थोड्यांना जमतं. त्यामुळे मुळात बसणं कमी करणाऱ्या उपायांना तिथे जास्त किंमत आहे.

स्त्रियांबद्दल वेगळं लिहायला हवं. जागतिक पातळीवर ३४ टक्के स्त्रिया आणि २९ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि काही देशांत ही दरी यापेक्षा पुष्कळ रुंद आहे. आम्ही एका वस्तीत चालण्याचा मार्ग करून दिला होता, झाडं होती, बाकं होती. सकाळ-संध्याकाळ पुरुषांनी भरलेला असायचा आणि बायका जवळपास दिसायच्याच नाहीत. बैठक घेऊन विचारलं तेव्हा कुणी म्हणालं वेळ नाही, कुणी म्हणालं सवय नाही. मग बायकांबरोबर तो मार्ग चालून पाहिला तेव्हा खरी कारणं एकेक करत पुढे आली. एका वळणावर दिवा नव्हता. एका टोकाला टोळकी बसायची. स्वच्छतागृह नव्हतं. लहान मुलांना कुठे ठेवायचं याची सोय नव्हती. सकाळची वेळ स्वयंपाकाची आणि संध्याकाळचीही स्वयंपाकाची. दिवे लागले, मार्गाला लागून मुलांना खेळायला जागा झाली आणि दुपारी उशिराचा एक सामुदायिक वर्ग सुरू झाला, त्यानंतर चित्र हळूहळू बदललं. त्या बायकांना व्यायामाचे फायदे पहिल्या दिवसापासून माहीत होते.

तुम्ही पहिले काही आठवडे हेच करावं असं मी सुचवेन. प्रस्ताव लिहिण्याआधी ज्यांची हालचाल सगळ्यात कमी आहे असा तुमचा अंदाज आहे, त्यांच्यातल्या काहींबरोबर त्यांचा एक सबंध दिवस समजून घ्या. शक्य असेल तिथे बरोबर चालून बघा. बैठकीच्या खोलीत मिळणारी उत्तरं आणि रस्त्यावर चालताना मिळणारी उत्तरं यांत फार फरक असतो. वेळ, सुरक्षितता आणि सोबत या तीन गोष्टी बहुतेक ठिकाणी वर येतात. त्यांचा क्रम मात्र दर ठिकाणी वेगळा असतो, आणि त्या क्रमावर तुमचा खर्च कुठे व्हावा हे ठरतं.

शाळांकडे मी सगळ्यात आधी बघते, आणि त्यामागचं कारण साधं आहे. तिथे सगळी मुलं येतात. गरीब-श्रीमंत, खेळकर-लाजाळू, सगळी. ११ ते १७ वयोगटातल्या मुलांनी रोज सरासरी एक तास हालचाल करावी अशी शिफारस आहे, आणि २०१६च्या आकडेवारीनुसार जगातली ८१ टक्के मुलं ती पूर्ण करत नव्हती, मुलींमध्ये हेच प्रमाण ८५ टक्के होतं. शाळांची अडचण मला माहीत आहे. अभ्यासक्रम संपवायचा असतो, पीटीचा तास गणिताला जातो, मैदान असलंच तर ते शाळेच्या संघातली मुलं वापरतात आणि बाकीची कडेला उभी राहून बघतात. म्हणून उपाय असा हवा, ज्यात निवड होत नाही आणि तयारी लागत नाही. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग इथल्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली सुरू झालेला ‘डेली माइल’ हा उपक्रम मला यासाठी आवडतो. वर्गातली सगळी मुलं शिक्षकांबरोबर रोज पंधरा मिनिटं बाहेर जातात आणि आपापल्या वेगाने धावतात, जॉगिंग करतात किंवा चालतात. कपडे बदलायचे नाहीत, नंबर काढायचे नाहीत, सामान लागत नाही. पुढे तो अनेक देशांत पसरला. तुमच्याकडे तो तसाच्या तसा उचलावा असं म्हणत नाही. उन्हाचा, जागेचा, शिक्षकांवरच्या भाराचा विचार करावा लागेल. पण त्यातलं तत्त्व धरून ठेवा. सगळ्यांसाठी, रोज, बिनतयारीचं. कच्च्या मुलाला मागे पडल्याची लाज वाटली नाही, तर तो उद्या परत येतो. क्रीडाशिक्षक गुणी मुलं शोधण्यात रमतात आणि मला त्यांच्या आनंदाची कदर आहे, तरी या कार्यक्रमाचं यश सगळ्यात मागे असलेल्या मुलावर मोजावं असं मी आग्रहाने सांगेन.

शहर असेल तर दुसरा भर रस्त्यांवर द्यावा. कोलंबियाची राजधानी बोगोता इथे १९७४ पासून ‘सिक्लोव्हिया’ चालते. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत १२० किलोमीटरच्या आसपास रस्ते गाड्यांसाठी बंद होतात आणि लोक त्यावर चालतात, सायकल चालवतात, स्केटिंग करतात. रस्ते आधीच बांधलेले असतात, खर्च फक्त अडथळे लावणं, वाहतूक वळवणं आणि माणसं नेमणं एवढाच. २०१२ साली आलेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला, की तिथे या उपक्रमावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे उपचारखर्चात ३.२३ ते ४.२६ डॉलर वाचतात. त्याच शहरात ‘रेक्रेओव्हिया’ नावाचे मोफत सामुदायिक व्यायामवर्ग उद्यानांत चालतात आणि त्यांना येणाऱ्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया असतात. तुमच्या दौडीला आणि सिक्लोव्हियाला साधारण सारखीच यंत्रणा लागते. फरक एवढा, की सिक्लोव्हिया पुढच्या रविवारीही असते. सवय लागायला तेच लागतं. एखाद्याला या आठवड्यात जमलं नाही तरी चालतं, कारण पुढच्या वेळी तो येतो आणि शेजारणीला घेऊन येतो.

मग जागृती मोहिमांचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण मर्यादित, आणि तो कुठे आहे हे ओळखून पैसे घालावेत. कॅनडात १९७१ साली ‘पार्टिसिपॅक्शन’ ही संस्था सुरू झाली. साठ वर्षांचा सरासरी स्वीडिश माणूस आणि तीस वर्षांचा सरासरी कॅनेडियन तंदुरुस्तीत सारखेच, ही १९७३ सालची तिची जाहिरात देशभर गाजली. संस्थेचं नाव घरोघरी पोहोचलं. तरी २००१ साली निधीअभावी ती बंद झाली आणि २००७ साली पुन्हा उभी करावी लागली. मला यातून दोन गोष्टी दिसतात. मोहिमेने विषय लोकांच्या बोलण्यात येतो, रस्ते बंद करायला, शाळेचं वेळापत्रक बदलायला लागणारी मान्यता तयार होते. ती मान्यता वापरून प्रत्यक्ष सोय झाली नाही, तर नाव लक्षात राहतं आणि पाय जागचे हलत नाहीत. म्हणून आधी सोय करावी आणि मग तिचा पत्ता सांगायला मोहीम करावी. ‘व्यायाम करा’ यापेक्षा ‘मंगळवारी चार वाजता, शाळेमागच्या मैदानात, मुलांना घेऊन या’ हा संदेश माणसाला घराबाहेर काढतो. जोडीला जपानमधल्या रेडिओवरून चालणाऱ्या कवायतीचं उदाहरणही धरा. १९२८ साली सुरू झालेले ते काही मिनिटांचे व्यायामप्रकार पुढच्या पिढ्यांमध्येही टिकले, कारण वेळ ठरलेली, संगीत ठरलेलं आणि हालचाली कुणालाही जमतील अशा होत्या.

आरोग्य केंद्रांबद्दल थोडक्यात. डॉक्टर किंवा परिचारिकेने तपासणीच्या वेळी ‘तुम्ही आठवड्यात किती चालता’ एवढं विचारलं आणि जवळच्या गटाचा पत्ता दिला, तर लोक ते मनावर घेतात. आधी गट हवा. पत्ता द्यायला काही नसेल तर सल्ला हवेत जातो.

आहार आणि तंबाखू तुमच्या विषयपत्रिकेत आहेत, पण बहुधा तुमच्या अखत्यारीत नाहीत. एवढं मात्र जपा, की चालण्याचा कार्यक्रम गोड पेयांच्या किंवा तंबाखूच्या कंपनीच्या प्रायोजकत्वावर चालवू नका. ‘खा-प्या काहीही, फक्त हालचाल करा’ हा संदेश त्यातून न बोलता जातो आणि तो खरा नाही. वजन आणि साखर यांच्या बाबतीत खाण्याची भरपाई हालचालीने पूर्ण होत नाही.

आता पैशांबद्दल आणि मोजणीबद्दल, कारण तीन वर्षांनी तुम्हाला याचाच जाब विचारला जाईल. दौडीला किती आले, किती टी-शर्ट वाटले, हे आकडे गोळा करायला सोपे असतात म्हणून अहवालात येतात. त्यांच्याऐवजी सुरुवातीलाच एक छोटी, नीट निवडलेली पाहणी करा. जागतिक आरोग्य संघटनेची शारीरिक हालचालीची प्रश्नावली तयार आहे, तिच्यात कामातली, प्रवासातली आणि मोकळ्या वेळातली हालचाल वेगवेगळी नोंदवता येते. लोक स्वतःची हालचाल सांगताना वाढवून सांगतात, म्हणून जमल्यास काही जणांना आठवडाभर पावलं मोजणारं यंत्र द्या. त्याच लोकांना, त्याच मोसमात, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा मोजा. अहवालात एक प्रश्न सगळ्यात वर ठेवा: सुरुवातीला जे जवळपास काहीच करत नव्हते, त्यांच्यातले किती आता थोडंफार करतात? स्त्रियांचे आणि गरीब वस्त्यांचे आकडे वेगळे दाखवा, नाहीतर सरासरीत ते लपतात.

मोठं उद्दिष्ट मात्र छापू नका. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने आखलेल्या कृतियोजनेत २०३० पर्यंत निष्क्रियता १५ टक्क्यांनी कमी करायचं ठरलं होतं. प्रमाणातली १५ टक्के घट म्हणजे ३० टक्के निष्क्रिय असतील तर ते साडेपंचवीसवर आणणं. जगाने ते लक्ष्य गाठण्याची चिन्हं नाहीत. सगळ्या देशांनी मिळून ठरवलेलं लक्ष्य एवढं माफक असूनही अवघड जात असेल, तर एका विभागाने तीन वर्षांत ‘सर्व नागरिक तंदुरुस्त’ असं लिहिणं म्हणजे अपयश आधीच मान्य करणं आहे. दोन-तीन टक्क्यांची खरी, मोजलेली घट दाखवलीत तर मी तिला मोठं यश म्हणेन.

तुमच्या निधीचं मी काय केलं असतं ते सांगते. एका दिवसाच्या दौडीचे पैसे तीन भागांत तोडले असते. पहिला भाग सुरुवातीच्या पाहणीला आणि लोकांबरोबर चालून बघण्याला. दुसरा आणि सगळ्यात मोठा भाग मोजक्या शाळांमध्ये रोजच्या पंधरा मिनिटांना आणि एका-दोन वस्त्यांमध्ये आठवड्यातून ठरावीक दिवशी चालणाऱ्या वर्गाला, म्हणजे मुख्यतः वर्ग घेणाऱ्या माणसांच्या मानधनाला. या माणसांवर कंजुषी करू नये. येणाऱ्यांना नावाने ओळखणारी, दोन दिवस न दिसलेल्या बाईच्या घरी निरोप धाडणारी प्रशिक्षक मिळाली तर वर्ग चालतो. ती दर तीन महिन्यांनी बदलली तर मोडतो. तिसरा भाग दिवे, सावली, स्वच्छतागृह यांसाठी ज्यांच्या हातात रस्ते आणि मैदानं आहेत त्या खात्यांबरोबर खर्च वाटून घ्यायला. तुमच्या विभागाचे थोडे पैसे पुढे दिसले की दुसरं खातं बोलणी करायला बसतं, असा माझा अनुभव आहे.

वरिष्ठांना दौड हवीच असेल तर ती बंद करायचा हट्ट धरू नका. ती वर्षाच्या शेवटी ठेवा, अंतर चालून पूर्ण करता येईल एवढं ठेवा आणि वस्तीतल्या वर्गांना येणाऱ्या बायकांना आणि शाळेतल्या मुलांना पुढच्या रांगेत उभं करा. पत्रातला ‘राष्ट्रविकासासाठी’ हा शब्दही प्रस्तावात जसाच्या तसा राहू द्या, साठीच्या आतल्या रुग्णांच्या त्या तक्त्यासह. तक्ता तयार झाला आणि कोणत्या वस्त्या निवडायच्या यावर अडलात, तर तिथला दिवस कसा जातो हे थोडं सविस्तर लिहून पाठवा. त्यावरून शाळांपासून सुरुवात करावी की वस्तीतल्या वर्गांपासून, हे जास्त नेमकं सांगता येईल.